हातवरे यांचा उजवा हात

क्लबच्या ऑफिसाबाहेर एक अरुंद पॅसेज आहे. पॅसेजमध्ये एक लाकडी बाक, बाकासमोर भिंत आणि भिंतीवर एक फोटो. सोमवारी सकाळी साडेदहापासून माळीकाका त्या बाकावर बसले होते, आणि बसल्या जागेवरून दुसरं काही दिसतच नसल्यामुळे तो फोटो बघत होते.

आत कमिटीची बैठक चालली होती. बैठकीपुढे विषय एकच होता. शनिवारच्या सामन्याला मैदान दोन्ही बाजूंनी चार-चार मीटर अरुंद कुणी केलं? मॅनेजर म्हणत होते, माळ्याने केलं, आपल्या मनाने. माळीकाका म्हणत होते, मॅनेजरने सांगितलं म्हणून केलं. दोघांपैकी एक जण खोटं बोलत होता आणि दोघांपैकी एकाला आज नारळ मिळणार होता. हा आणि तो एकच असेल, अशी खात्री मात्र माळीकाकांना मुळीच नव्हती. एकतीस वर्षं त्यांनी त्या मैदानावर पांढऱ्या रेघा मारल्या होत्या. एकही वाकडी गेली नव्हती. नोकरी गेली असती तर गेली असती, पण ‘रेघ चुकवली म्हणून गेली’ हे त्यांना मेल्यावरसुद्धा सहन झालं नसतं.

आता फोटोविषयी. क्लबच्या इतिहासातला एक गोल होतानाचा तो फोटो आहे. चेंडू गोलमध्ये शिरतो आहे आणि ज्याने तो गोल केला तो खेळाडू गोलकडे पाठ करून उभा आहे. त्याचा उजवा हात वर आहे, तोंड उघडं आहे आणि कुणाच्या तरी हाताला चेंडू लागला अशी तक्रार तो लाइनमनकडे करतो आहे. तेवढ्यात मागून कुणीतरी मारलेला चेंडू त्याच्या पाठीवरच्या दोनच्या आकड्यावर आदळून गोलमध्ये गेला. सोबतच्या खेळाडूंनी त्याला खांद्यावर उचललं तेव्हाही तो तक्रारच करत होता. सोळा वर्षांच्या कारकिर्दीतला हा त्याचा एकमेव गोल. पुढे हा माणूस मॅनेजर झाला आणि आल्या आल्या त्याने जे पहिलं महत्त्वाचं काम केलं ते म्हणजे या फोटोला सोनेरी चौकट.

या गृहस्थांना सगळे हातवरे म्हणतात. नवीन माणसाला ते आडनाव वाटतं. लीगच्या ऑफिसातून एकदा ‘श्रीयुत हातवरे’ असं पत्रसुद्धा आलं होतं आणि त्यांनी ते मुकाट्याने सही करून घेतलं. पण ते आडनाव नव्हे, ती पदवी. त्यांच्या उजव्या हाताने सोळा वर्षं खपून मिळवलेली.

त्याचं असं, की हातवरे उजव्या बाजूचे बॅक होते. बॅकचं काम सरळ असतं. समोरचा चेंडू घेऊन पळाला की त्याच्या मागे पळायचं आणि त्याला अडवायचं. हातवरे यांना यातला पळण्याचा भाग पहिल्यापासून पटला नव्हता. त्यांनी त्यावर तोड काढली. फुटबॉलमध्ये ऑफसाइड म्हणून एक नियम आहे. समोरच्या टीमचा माणूस तुमच्या सगळ्या बॅकना ओलांडून आधीच पुढे जाऊन उभा राहिला आणि मग त्याला चेंडू मिळाला, तर तो गुन्हा धरतात. झालं. कुणीही बाजूने सुसाट निघाला की हातवरे जागच्या जागी थांबायचे आणि उजवा हात आभाळात. ऑफसाइड. लाइनमनने ऐकलं तर बरं, नाही ऐकलं तर गोल. गोल झाल्यावर सगळे लाइनमनला शिव्या घालायचे. हातवरे यांना कुणी काही म्हणायचं नाही, कारण त्यांनी तर हात वर केला होता ना.

माळीकाकांना हे सगळ्यांच्या आधी कळलं, आणि तेही गवतावरून. सीझन संपला की मैदानाचा एकेक भाग टक्कल पडल्यासारखा होतो. गोलसमोर माती, मधोमध माती, डाव्या बॅकच्या वाटेवर माती. उजव्या बॅकच्या वाटेवर मात्र हिरवंगार. सोळा वर्षं त्या पट्ट्यात त्यांना नवं गवत लावावं लागलं नाही.

“एवढा एक उपकार आहे त्याचा क्लबवर,” ते घरी काकूंना सांगत. “बाकीचे खेळायचे, हा गवत राखायचा. खरं म्हणजे माझ्याच खात्यात शोभला असता.”

घरातही तोच प्रकार, असं हातवरे यांच्या बायकोने, म्हणजे वहिनींनी, एकदा क्लबच्या सहलीत सगळ्यांच्या देखत सांगितलं होतं. दूध उतू गेलं की ह्यांचा हात वर. “मी म्हटलं होतं.” काय म्हटलं होतं, कुणाला म्हटलं होतं, कधी म्हटलं होतं, ते विचारायचं नाही. धाकटीच्या शाळेत पालकसभेला गेले, तर शिक्षिकेला वाटलं यांना प्रश्न विचारायचा आहे. त्यांना प्रश्न नव्हता. मुलीला गणितात कमी मार्क पडले होते, एवढंच.

वहिनी हसत हसत सांगत होत्या, पण बारा वर्षांच्या संसारानंतर बाई ज्या प्रकारे हसते त्या प्रकारे.

गुडघा गेल्यावर हातवरे खेळायचे थांबले. गुडघा कशाने गेला हे वैद्यकशास्त्राला पडलेलं कोडं आहे, कारण त्यांनी तो फारसा वापरला नव्हता. मग पंधरा दिवसांचा एक कोर्स केला, त्याचं सर्टिफिकेट प्लॅस्टिकमध्ये बंद करून घेतलं आणि ते क्लबच्या आसपास दिसू लागले. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं आणि कुणी ‘जा’ही म्हटलं नव्हतं. अशा माणसांचं पुढे नेहमी चांगलं होतं. आधीचे मॅनेजर ऐन सीझनमध्ये दुसऱ्या क्लबला निघून गेले, त्या दिवशी कमिटीने घाईघाईने पॅसेजमध्ये डोकावून पाहिलं, तर बाकावर हातवरे बसलेले. “तात्पुरतं बघाल का?” अध्यक्षांनी विचारलं. हातवरे यांनी ताबडतोब बघितलं.

पहिले तीन सामने टीम जिंकली. एकदा समोरच्या गोलकीपरला ताप होता, एकदा दाट धुकं होतं आणि एकदा समोरच्या टीमची बस वाटेत बंद पडून त्यांचे खेळाडू शेवटचं अंतर चालत आले होते. कमिटीने या तीन गोष्टींची बेरीज केली आणि उत्तर आलं, हातवरे. ‘तात्पुरतं’ हा शब्द खोडला गेला.

त्या दिवसापासून माणूस बदलला. म्हणजे आतून तोच राहिला, वरून लांब कोट आला. पायात चकचकीत बूट आले. ऑफिसात एक पांढरा फळा आला, त्यावर खेळाडू म्हणून लोहचुंबकाच्या अकरा टिकल्या. त्यातल्या बॅकच्या टिकल्या सारख्या घसरून खाली पडत. टिकल्यांनासुद्धा साहेबांची शिकवण लागली, असं माळीकाकांचं मत होतं. हो, साहेब. कारण कोटापाठोपाठ नोटीस लागली, की यापुढे सर्व कर्मचाऱ्यांनी मॅनेजरना ‘साहेब’ म्हणावं. माळीकाका त्यांना ते एकोणीस वर्षांचे असल्यापासून ‘अरे’ म्हणत आले होते. पहिल्यांदा पायांत बूट उलटसुलट घालून आला होता, तेव्हा “अरे, डावा कुठला ते बघ” असं सांगणारे हेच. पण नोटीस ती नोटीस. काका साहेब म्हणू लागले. फक्त असं म्हणत, की ऐकणाऱ्याला आपल्या शर्टाची बटणं नीट लागली आहेत ना, असा संशय यावा.

पेपरवाल्यांनी विचारलं की साहेब सांगायचे, “आम्ही योग्य दिशेने चाललो आहोत.” टीम सातव्या नंबरवरून नवव्यावर आली, नवव्यावरून बाराव्यावर. दिशेविषयी त्यांच्या मनात खरोखरच गोंधळ नव्हता.

आणि दर मंगळवारी सकाळी ती कवायत. चार बॅक एका रांगेत उभे करायचे. साहेबांनी शिट्टी वाजवली की चौघांनी एक पाऊल पुढे यायचं आणि उजवा हात वर करायचा. “एक, पाऊल, हात. एक, पाऊल, हात.” माळीकाका गवत कापायचं मशीन ढकलत बाजूने जात आणि बघत. कॅन्टीनच्या मावशी खिडकीतून बघत. त्या खिडकीतून मैदानाचा एक कोपरा आणि ही रांग एवढंच दिसायचं.

“काय हो काका,” मावशींनी एकदा विचारलं, “हे बसमध्ये दांडी धरायची प्रॅक्टिस करतात का?”

“ऑफसाइड मागायला शिकतात.”

“मागून मिळतं?”

“लाइनमनच्या मनात असलं तर.”

“मग खेळायचं कधी शिकतात?”

“बुधवारी,” काका म्हणाले. “पण बुधवारी साहेबांची सुट्टी असते.”

तर असं करत करत सीझनचा शेवटचा सामना आला. टीमला बरोबरी पुरेशी होती. बरोबरी झाली तर क्लब पहिल्या गटात राहणार, हरला तर दुसऱ्या गटात जाणार. सत्तावीस वर्षांत क्लब दुसऱ्या गटात गेला नव्हता. अध्यक्षांची झोप उडाली. साहेब मात्र स्वतः जाऊन समोरच्या टीमचा एक सामना बघून आले होते, वही भरून. वहीचा निष्कर्ष असा, की त्यांचे दोन खेळाडू दोन्ही कडांनी फार वेगात पळतात. उपाय काय? कडाच काढून टाकायच्या. मैदान अरुंद केलं की पळायला जागा नाही.

बुधवारी सुट्टी सोडून ते माळीकाकांच्या खोलीत आले. ही खोली स्टँडच्या पायऱ्यांखाली. एका बाजूला मशीन, एका बाजूला पांढऱ्या रंगाचे डबे, खुंट्या, दोऱ्या, आणि छत इतकं उतरतं, की उभं राहायचं तर दाराशीच. साहेब दाराशीच उभे राहिले.

“मैदान किती रुंद आहे आपलं?”

“अडुसष्ट मीटर.”

“साठ करा.”

काकांनी हातातला डबा खाली ठेवला. नियमात साठ बसतं हे त्यांना माहीत होतं. प्रश्न तो नव्हता. “साहेब, त्यांचा एक बॅक आहे. लांब हातांचा. गेल्या वर्षी आला होता इथे.”

“मी बघून आलोय त्यांची टीम. तसला कुणी नाही.”

“तुम्ही गेलात तेव्हा गुडघ्याला पट्टी बांधून बाहेर बसला असेल. तो खेळतो शनिवारी, पेपरात आलंय. तो बाजूच्या रेघेवरून हातांनी चेंडू फेकतो ना, गोफणीतून सुटल्यासारखा जातो. गेल्या वर्षी त्याचे चेंडू गोलच्या खांबापासून दोन मीटर अलीकडे पडायचे. मी स्वतः बघत होतो. तुम्ही रेघ चार मीटर आत घेताय. आता तुम्हीच बघा तो कुठे पडेल.”

साहेबांनी कोटाच्या खिशात हात घातले. “काका, तुम्ही गवत बघा.”

“बरं,” काका म्हणाले. “मग उद्या सकाळी सातला या.”

“मी कशाला?”

“दोरी धरायला.”

हा त्या मैदानाचा जुना रिवाज होता. काका ज्यांच्या हाताखाली शिकले ते थोरले माळी सांगून गेले होते, की ज्याला रेघ हलवायची असेल त्याने दोरीचं दुसरं टोक धरायचं. मोठ्या मैदानाची रेघ अशीच मारतात. एका कोपऱ्यात खुंटीवर एक टोक, दुसऱ्या कोपऱ्यात दुसरं, आणि मध्ये शंभर मीटर दोरी ताठ. पलीकडच्या माणसाचा आवाज वाऱ्यात इकडे येत नाही. म्हणून त्याने खुणेवर खुंटी लावली, दोरी ताणली, की हात वर करायचा. हात वर म्हणजे बरोबर आहे, मारा रेघ. यात थोरल्या माळ्यांचा हिशोब असा होता, की दुसऱ्याला हुकूम सोडणं सोपं असतं. पहाटेच्या दवात वाकून खुंटी ठोकायला लावली, की निम्म्या लोकांना जुनी रेघच बरी वाटू लागते.

साहेबांना वाटली नाही. गुरुवारी सकाळी सातला ते लांब कोटात आले. काकांनी जुन्या रेघा आदल्या संध्याकाळीच हिरव्या रंगाने झाकल्या होत्या. साहेबांनी कॅन्टीनकडच्या कोपऱ्यात खुंटी लावली, दोरी ताणली आणि उजवा हात वर केला. एवढं मात्र त्यांना शिकवावं लागलं नाही.

शनिवारी काय झालं ते थोडक्यात सांगायचं, कारण ते थोडक्यातच झालं. कडेने पळणारे दोघे खरोखरच अडकले. वीस मिनिटं साहेब रेघेशी फेऱ्या मारत अध्यक्षांकडे बघून मान हलवत होते. मग चेंडू बाजूच्या रेघेबाहेर गेला आणि तो लांब हातांचा बॅक तो उचलायला आला. त्याने टॉवेलने चेंडू पुसला, मागे सरला आणि फेकला. चेंडू बरोबर गोलच्या तोंडाशी, सगळ्या बॅकच्या पलीकडे एकट्याच उभ्या असलेल्या त्यांच्या माणसाच्या डोक्यावर.

साहेबांच्या चारही बॅकनी एक पाऊल पुढे टाकलं आणि उजवा हात वर केला. एका रांगेत, एका वेळी. मंगळवारची कवायत इतकी सुरेख कधी झाली नव्हती. रेघेबाहेर साहेबांचाही हात वर. पाच हात वर, आणि चेंडू आत.

लाइनमनने झेंडा खालीच ठेवला. आता इथे एक नियम सांगायला हवा. बाजूच्या रेघेवरून हातांनी फेकलेल्या चेंडूला ऑफसाइड नसतो. थेट तुमच्याकडे आला तर कितीही पुढे उभे राहा, चालतं. गल्लीत खेळणाऱ्या पोरांना हे पाठ असतं. ज्याने सोळा वर्षं खेळून आणि तीन वर्षं शिकवून दुसरं काहीच केलं नाही, फक्त ऑफसाइड मागितला, त्याला ऑफसाइडचा नियम पूर्ण माहीत नव्हता. माळीकाका स्टँडच्या पायरीवर बसले होते. त्यांना राग यायला हवा होता. पण त्या क्षणी त्यांना वाटलं, एखाद्या भटजीला म्हातारपणी कळावं की आपण आयुष्यभर पोथी उलटी धरली होती, तसं काहीतरी आपल्या डोळ्यांसमोर चाललंय.

दुसरा गोलही तसाच झाला. दुसऱ्या बाजूने, तसेच चार हात. सामना दोन-शून्य. क्लब दुसऱ्या गटात.

रविवारी सकाळी काकूंनी पेपर मोठ्याने वाचला. “‘मैदानाच्या आखणीत गंभीर चूक झाल्याने आमची योजना कोलमडली. संबंधित मैदान कर्मचाऱ्याची चौकशी करण्याची मागणी मी केली आहे.’ असं म्हणालेत तुमचे साहेब.”

“नाव घातलंय का?”

“नाही. नुसतंच मैदान कर्मचारी.”

“एकतीस वर्षांनी पेपरात आलो,” काका म्हणाले, “तेही बिननावाचा.”

काकूंनी पेपराची घडी घातली. “तुम्ही गप्प बसू नका हं उद्या. तुमची सवय आहे. वाकडं काही दिसलं की तुम्ही बोलत नाही, नुसते बघत बसता.”

“माझं कोण ऐकणार? त्याने धरली दोरी ते बघितलंय कुणी?”

“मग रिवाज काय कामाचा तुमचा?”

काकांनी उगाच बुटाची नाडी सोडून पुन्हा बांधली.

तर सोमवारी अकरा वाजता दार उघडलं आणि काकांना आत बोलावलं. लांब टेबल, टेबलाच्या टोकाला अध्यक्ष, दोन्ही बाजूंना कमिटीची पाच माणसं. साहेब अध्यक्षांच्या उजव्या हाताला. कोट खुर्चीच्या पाठीवर घडी घालून. काकांना खुर्ची होती, पण ते उभेच राहिले.

अध्यक्ष सज्जन होते. साबणाच्या कारखान्याचे मालक, फुटबॉलमधलं त्यांना फारसं कळत नसे आणि हे ते कबूल करत, म्हणून कमिटीत सर्वांत जास्त कळणारे तेच होते. त्यांनी दोघांकडे बघून सरळ विचारलं, “मैदान साठ मीटर करायला कुणी सांगितलं?”

काकांनी साहेबांच्या उजव्या हाताकडे बघितलं. आयुष्यभर उठता-बसता वर गेलेला हात. खरं म्हणजे आत्ता, फक्त आत्ता, त्याला वर जायचं कारण होतं. हात टेबलाखाली होता.

“मी थोडं आवळून घ्या एवढंच म्हटलं होतं,” साहेब म्हणाले. “गवताविषयी. गवत थोडं आवळून कापा. काकांचं आता वय झालंय, ऐकण्यात गल्लत होते.”

“गवत आवळून कसं कापतात?” अध्यक्षांनी विचारलं. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं.

“ते तांत्रिक आहे.”

“काका?”

“साहेबांनी साठ सांगितलं,” काका म्हणाले. “मी नको म्हटलं. गुरुवारी सकाळी सातला त्यांनी स्वतः दोरीचं टोक धरलं. त्याशिवाय मी रेघ हलवत नाही.”

“गुरुवारी सातला मी घरी होतो,” साहेब म्हणाले. “बायकोला विचारा.”

वहिनींना विचारलं असतं तर बरंच काही बाहेर आलं असतं, पण त्या तिथे नव्हत्या. कमिटीतल्या एका गृहस्थांनी पेन टेबलावर आपटत म्हटलं, की मॅनेजर बदलायचा म्हणजे सगळं नव्याने बसवावं लागतं, माळी काय, मिळतो. दुसऱ्यांनी मान डोलावली. माळीकाकांच्या लक्षात आलं, की आपण वाकडी रेघ बघतो आहोत आणि पुन्हा काही बोलत नाही आहोत. काकूंचं म्हणणं बरोबर होतं. पण बोलायचं काय?

तेवढ्यात मावशी चहाचा ट्रे घेऊन आल्या. बैठक कसली आहे हे त्यांना नेहमीप्रमाणे ठाऊक नव्हतं, आणि नेहमीप्रमाणे त्यांना त्याचं काही वाटलं नाही. अध्यक्षांपुढे कप ठेवला, साहेबांपुढे ठेवला आणि साहेबांकडे बघून मायेने म्हणाल्या, “बरी आहे ना आता तब्येत?”

“मला काय झालंय?”

“नाही, गुरुवारपासून विचारीन म्हणत होते. सकाळी पाणी ठेवलं नि खिडकी उघडली, तर तुम्ही आपले कोपऱ्यात एकटेच. हात वर. मैदानात चिटपाखरू नाही हो. मी म्हटलं, बाई गं, आता हे रिकाम्या मैदानाकडेही ऑफसाइड मागायला लागले. इतकं मनाला लावून घेऊ नये माणसाने.”

सुरुवातीला एक जण हसला. मग पेन आपटणाऱ्या गृहस्थांना ठसका लागला. अध्यक्ष हसले नाहीत. त्यांनी कप बशीत ठेवला.

“मावशी, गुरुवारी किती वाजता?”

“पाणी ठेवते मी सातला. कधी चुकत नाही.”

“आणि हात वर करून ते काय करत होते?”

“ते मला काय माहीत? दोरी होती खाली पायाशी. मला वाटलं, काकांनी बांधून घातलेत.”

अध्यक्षांनी काकांकडे बघितलं. काकांनी सांगितलं, दोरी बरोबर लागली की दुसऱ्या टोकाच्या माणसाने हात वर करायचा असतो. चार वाक्यांत सांगितलं. पाचवं वाक्य बोलायची गरज पडली नाही, कारण तोवर साहेबांचा उजवा हात टेबलाखालून निघून खांद्यापर्यंत आला होता. कुणाकडे काय मागायला, हे त्यांनाही माहीत नसावं. लाइनमन नव्हता, रेफरी नव्हता. हात तिथेच थोडा वेळ थांबला आणि मग त्यांनी त्याने केस सारखे केले.

मावशी म्हणाल्या, “साखर हवी का?”

साहेबांनी वैयक्तिक कारणांसाठी राजीनामा दिला. कारण वैयक्तिकच होतं, त्यात वाद नाही. क्लब दुसऱ्या गटात गेला तो गेलाच. हातवरे महिन्याभरात रेडिओवर ऐकू येऊ लागले, इतर मॅनेजरांचे बॅक किती हळू पळतात ते समजावून सांगताना. काकू स्वयंपाक करताना ते लावतात. त्यांना करमणूक होते.

त्याआधी एकदा ते क्लबवर आले होते, फोटो न्यायला. सकाळची वेळ. मैदान पुन्हा अडुसष्ट करायचं कमिटीने ठरवलं होतं आणि माळीकाका खुंट्या, दोरी घेऊन एकटेच उभे होते. मावशी धरणार होत्या, पण त्यांचं पाणी ठेवलेलं होतं. हातवरे सोनेरी चौकट काखेत मारून पॅसेजमधून बाहेर पडले, पायऱ्या उतरले आणि मैदानाच्या कडेने फाटकाकडे जाऊ लागले. कोट नव्हता. कोटाशिवाय तो पुन्हा त्या एकोणीस वर्षांच्या पोरासारखा दिसत होता, फक्त पोट आलेला.

“अरे,” काकांनी हाक मारली.

तो थांबला.

“ती चौकट ठेव खाली. दोरी धर.”

तो काही तरी बोलणार होता. साहेब म्हणा, किंवा मला उशीर होतोय, असलं काही तरी. मग त्याने चौकट कुंपणाला टेकवून ठेवली, दोरीचं टोक घेतलं आणि चालत कॅन्टीनच्या कोपऱ्याकडे निघाला. सोळा वर्षांत त्या बाजूने त्याला इतकं लांब चालताना काकांनी पाहिलं नव्हतं. तिथे वाकून त्याने खुंटी ठोकली, दोरी ताणली आणि उजवा हात वर केला.

काकांना वाटलं, चला, आयुष्यात एकदा तरी या हाताला वर जायचं खरं काम मिळालं. त्यांना जरा बरंही वाटलं. त्यांनी रंगाचा डबा उचलला. मग उगाच मनात काहीतरी आलं म्हणून डबा परत खाली ठेवला, शंभर मीटर चालत त्या टोकाला गेले आणि टेप लावून बघितलं.

खुंटी वीतभर आत होती.

“हात खाली घे,” काका म्हणाले आणि वाकून त्यांनी ती स्वतःच नीट लावली.